पोतनिसांचं शस्त्र

केशवराव पोतनिसांनी उभ्या जन्मात कुठल्या वस्तूला चांगलं म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पंगतीत जिलबी वाढली की ते ती उचलून उजेडात धरायचे आणि पाक कुठे बिघडला ते शेजारच्याला सांगायचे. कुणी घर बांधलं की वास्तुशांतीला जाऊन आधी दाराची चौकट चाचपायचे, मग आहेर द्यायचे. नागपुरात महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहायचं, सरकारी कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर बसायचं आणि दोन्हीकडे लोकांची अक्कल काढायची, हा त्यांचा धंदा. त्यात वाईट असं की बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. पाक खरोखरच बिघडलेला असायचा. त्यामुळे माणूस जास्तच असह्य झाला होता.

दसरा हा त्यांच्या हौसेचा दिवस. महालात भोसल्यांच्या वेळेपासूनची घराणी आहेत. दसऱ्याला सकाळी घरोघर तलवारी, कट्यारी पुसून पाटावर मांडतात, झेंडू वाहतात, आणि संध्याकाळी सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण त्या बघतो. तिथल्या तलवारी माणसांसारख्या ओळखीच्या. कुणाची मूठ चांदीची, कुणाच्या पात्याचा टवका सीताबर्डीच्या लढाईत उडालेला, कुणाची मागच्या पिढीत मोडीत जाता जाता वाचलेली, हे पोराटोरांनाही पाठ. केशवराव हातात आपट्याची पानं घेऊन हिंडायचे आणि एकेका पाटापुढे उभे राहून नाक मुरडायचे. ही तलवार नव्हे, बँडवाल्याची काठी. हिची मूठ जुनी पण पातं कालचं. घरमालक ओशाळून हसायचे आणि चहा विचारायचे. सणाच्या दिवशी भांडण कोण उकरून काढणार?

एवढं सगळं बोलणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या पाटावर काय असायचं? एक बोरू, एक पितळी दौत, अडकित्ता आणि भाजीची विळी. पोतनिसांचं घराणं पहिल्यापासून लेखणीचं. भोसल्यांच्या खजिन्याचा हिशेब लिहिण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण केशवरावांना ती वाटायची. म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळी ते स्वतः घरी कधी सापडायचे नाहीत. सोनं द्यायला येणाऱ्यांना त्यांची बायको यमुताई बाहेरच्या खोलीत बसवायची आणि देवघराचा पडदा ओढून घ्यायची. कुणी विचारलंच तर आतून उत्तर यायचं, घरची तलवार बँकेत ठेवली आहे.

हे असंच निभावून गेलं असतं. पण त्या वर्षी, सदुसष्ट साली, वैशाखात त्यांच्या चारुलतेचं लग्न झालं. नवरामुलगा रायपूरचा. व्याही गिरिधरराव, जुन्या मराठी घरातले, कमी बोलणारे. वरातीत नवऱ्या मुलाच्या हाती घरची कट्यार होती. आता मुलीचा बाप म्हणजे त्या दिवशी मान खाली घालून उभं राहायचा माणूस. पण नवरदेवाचं मांडवात पाऊल पडताच केशवरावांनी ती कट्यार हातात घेतली, नखाने वाजवली आणि चारचौघांत म्हणाले की हा जर्मन पत्रा आहे, कुणीतरी फसवलं तुम्हाला. यमुताईला धरणी दुभंगावी असं झालं. गिरिधरराव मात्र चिडले नाहीत. त्यांनी कट्यार मुलाला परत दिली आणि शांतपणे विचारलं, तुमच्याकडची बघायला मिळेल का? केशवराव म्हणाले, "दसऱ्याला या. पाटावर असेल." बोलून गेले. आणि गिरिधरराव म्हणाले, येतो.

श्रावणात रायपूरहून खरंच निरोप आला की व्याही, जावई आणि चारुलता दसऱ्याला पोचतात. केशवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पाटावर तलवार दिसली नाही तर रायपुरात नाचक्की होणार हे तर होतंच, पण महालात काय होईल या विचाराने त्यांची झोप उडाली. ज्यांच्या ज्यांच्या पाटापुढे त्यांनी नाक मुरडलं होतं, ती सगळी माणसं डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली. आणि चारुलतेला सासरी त्या कट्यारीवरून आधीच ऐकून घ्यावं लागत होतं. तिने आईला तसं सांगितलं होतं आणि आईने बापाला ऐकवलं होतं.

तलवार विकत घ्यायची तर कुठली? जुनी मराठी तलवार घेण्यात अर्थ नव्हता. पाटावर ठेवताच कुणीतरी म्हणालं असतं, अरे, ही तर अमक्यांच्या घरची, यांच्याकडे कशी? तेव्हा केशवरावांनी फार हुशारीने विचार केला. जी तलवार नागपुरात कुणी पाहिलेलीच नाही, तिला नावं कोण ठेवणार? पाटावर जपानी तलवार ठेवायची आणि वर म्हणायचं, मराठी तलवारी काय, घरोघर पडल्या आहेत, जगातलं पोलाद म्हणजे जपानचं. आपण काही लपवलं असं नाही, उलट इतरांनाच खाली बघायला लावलं. अशी युक्ती सुचल्यावर त्यांना त्या रात्री शांत झोप लागली.

मग ते अभ्यासाला लागले. बर्डीवरच्या एका वाचनालयात जपानी शस्त्रांवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. ते रोज कचेरी सुटली की तिथे जाऊन बसायचे. खिशात पैसे बेताचे. यमुताईने कपाटासाठी साठवलेले तीनशे रुपये, ते तिने कपाळाला आठ्या घालून काढून दिले होते. तेवढ्यात बसवायचं तर म्यान, मूठ, गोंडे यांच्यावर पैसा घालवायचा नाही, पात्यावर घालवायचा, हे त्यांच्या लक्षात आलं. घडवलेलं पातं पाण्यात विझवलं की धारेच्या वर एक पांढुरकी लाट उमटते. ती खरी असेल तर कुठे जाड कुठे बारीक असते आणि पोलादाच्या आत असते, वरून काढलेली नसते. मुठीतली बांबूची खुंटी काढून आतला भाग बघायचा. तिथला गंज काळसर, जुना हवा आणि तो कुणी घासलेला नसावा. धारेला आडवी चीर असेल तर पातं कितीही देखणं असो, सोडून द्यायचं. एकूण काय, खोड काढण्याचं शास्त्र होतं ते, आणि केशवरावांना ते दुसऱ्या कुणापेक्षाही लवकर आलं.

इतवारीत नत्थूजी म्हणून जुन्या सामानाचा दुकानदार होता. त्याच्या दुकानात एक जपानी तलवार टांगलेली आहे असं कळलं. केशवराव गेले. तलवार चकचकीत होती, लाल गोंडा होता, आणि पात्यावरची लाट साडीच्या काठासारखी एकसारखी होती. ॲसिडने काढलेली. केशवरावांनी पातं वाकवून बघितलं, वास घेतला आणि भर बाजारात सांगितलं की नत्थूजी, हा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आहे, जपान याने नकाशातसुद्धा पाहिलेला नाही. हातगाडीवाले थांबले, समोरचा भांडीवाला दुकान सोडून ऐकायला आला. केशवरावांना चेव चढला. त्यांनी गोंड्यापासून मुठीपर्यंत एकेक खोट मोठ्याने मोजून दाखवली. नत्थूजीचा चेहरा उतरला तरी थांबले नाहीत. खरेदी काही झाली नाही, पण त्या दिवशी ते घरी फार खुशीत आले.

शेवटी कचेरीतल्या एकाने कामठीचा पत्ता दिला. तिथे रुपराव म्हणून रिटायर्ड सुभेदार राहायचे. ब्रह्मदेशात जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा तिथे हजर होते आणि येताना एक तलवार घेऊन आले होते. दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा केशवराव बसने कामठीला गेले.

छावणीच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, अंगणात पेरूचं झाड. सुभेदार पांढऱ्या मिशांचे, पाय जरा ओढत चालणारे. त्यांनी पाहुण्याला खाटेवर बसवलं आणि आतून एक धोतरात गुंडाळलेली वस्तू आणून मांडीवर ठेवली. म्यान लष्करी, चामडं फाटलेलं. मुठीची दोरी सुटलेली, आतली माशाची खरखरीत कातडी दिसत होती. असल्या अवतारातली तलवार कुणी इतवारीत फुकटही घेतली नसती. केशवरावांनी पातं बाहेर काढलं आणि उजेडाकडे वळवलं.

लाट होती. धारेच्या वर, दुधावर साय धरावी तशी, कुठे दाट कुठे विरळ, टोकापाशी गेल्यावर मागे वळलेली. त्यांनी पातं डोळ्याशी धरून लांबवर पाहिलं, बाजूला कुठे वाकलेलं नाही. धारेवरून नख फिरवलं, चीर नाही. खुंटी काढून घेतली, मूठ उतरवली. आतला गंज काळा, कुणी हात न लावलेला, आणि त्यात छिन्नीने कोरलेली पाच अक्षरं. पुस्तकातल्या चित्रात होती तशी तलवार त्यांच्या मांडीवर होती. कारखान्यातली नव्हती, कुणातरी लोहाराने शेदोनशे वर्षांपूर्वी घडवलेली, कुणाच्या तरी घराण्यात चालत आलेली.

सुभेदारांनी सगळी हकीकत सांगितली. ज्याची ही तलवार तो जपानी अफसर रांगेत उभा होता. तलवार देण्याआधी त्याने ती कपाळाला लावली आणि मग मान झुकवून दिली. रडला नाही, पण त्याचे ओठ हलत होते. तेव्हापासून सुभेदारांनी ती जपून ठेवली. दर दसऱ्याला फूल वाहिलं. आता वय झालं, मुलगा भिलाईला, त्याला यातलं काही नको होतं. बायकोला तर घरात ती वस्तूच नकोशी झाली होती.

"मले तलवारीतलं काही समजत नाही जी," सुभेदार म्हणाले. "मी साधा शिपाई गडी. तुम्ही शिकलेले, पुस्तक वाचून आले. तुम्हीच सांगा, कशी आहे? चांगली असंल त तीनशे द्या आन् घेऊन जा. नसंल त तसं सांगा. मी रागावनार नाही."

तीनशे रुपये केशवरावांच्या आतल्या खिशात होते. घासाघीस करायची गरज नव्हती. सुभेदार पैसे मागत नव्हते, खरं मागत होते. एक शब्द बोलायचा होता, चांगली आहे, आणि तलवार घेऊन साडेपाचची बस पकडायची होती. पण तो शब्द त्यांच्या तोंडून कधी गेलाच नव्हता. आता तो कुठून येणार? त्यांनी पातं पुन्हा उजेडात धरलं, आणि ओठ आपोआप नेहमीसारखे वाकडे झाले.

"कसली चांगली?" केशवराव म्हणाले. "लोखंडाची पट्टी आहे ही. मूठ सडली आहे, म्यान फाटलंय, पात्यावर हे डाग पडलेत. लढाईत असल्या हजारोंनी वाटल्या होत्या. हिची फार तर विळी होईल. भाजी चिरायला."

सुभेदारांनी तलवार त्यांच्या हातून परत घेतली. मग त्यांनी विचारलं, मग त्या अफसराने कपाळाले काहून लावली? केशवराव म्हणाले, हरलेला माणूस काहीही कपाळाला लावतो. आत चुलीपाशी बसलेल्या पार्वतीबाई, सुभेदारांच्या कारभारीण, सगळं ऐकत होत्या. केशवराव उठले. बाजाराचा रिवाज त्यांना ठाऊक होता. वस्तूला नावं ठेवायची, उठून जायचं, आठ दिवसांनी यायचं आणि निम्म्यात उचलायची. दारातून निघताना त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बसमध्ये मात्र सगळ्या वाटेने त्यांना ती पांढरी लाट दिसत राहिली. या तलवारीपुढे महालातली एकही तलवार उभी राहणार नव्हती.

ते आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. यमुताई म्हणाली, आवडली असेल तर आणून टाका. ते म्हणाले, तुला व्यवहार कळत नाही, गरज दाखवली की माणूस डोक्यावर बसतो. देवघरातला पाट त्यांनी स्वतः धुतला. तलवार आडवी ठेवायची की तिरपी, हे लाटणं ठेवून बघितलं. व्याह्यांपुढे काय बोलायचं तेही मनात जुळवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रजा टाकून, ते पुन्हा कामठीला उतरले.

सुभेदार अंगणातच होते. केशवरावांना बघून त्यांचा चेहरा उजळला. खाट झटकली, पाणी दिलं. केशवरावांनी हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि मग आळस दिल्यासारखं करून म्हणाले, बरं, ती पट्टी काढा एकदा, बघू काय करता येतं ते. सुभेदारांनी आत हाक मारली. पार्वतीबाई हसतच बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक कोरी करकरीत विळी होती.

"भाऊ, तुमी बरं केलं बापा," पार्वतीबाई म्हणाल्या. "वीस-बावीस वर्सं ह्यांनी ते धूड देवासारखं पुजलं. तुमी खरं सांगतलं म्हणून सुटका झाली. दोन झाल्या. एक मले ठेवली, एक तुमच्यासाठी ठेवली."

केशवरावांना आधी काही उमजलंच नाही. सुभेदार सांगू लागले. छावणीतल्या लोहाराने पाठीकडून छिन्नी मारून पातं तोडलं. चार छिन्न्या गेल्या त्याच्या, शिव्या देत होता. भट्टीत घालतो म्हणाला, पण त्यांनी घालू दिलं नाही, तुकडे जसेच्या तसे लाकडात बसवून घेतले. मुठीचं लाकूड चुलीत गेलं. मुठीपुढे ती गोल लोखंडी चकती होती ना, ती लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर वजनाला बरी पडली. अक्षरं कोरलेला तुकडा लोहारानेच ठेवून घेतला. केशवराव विळीकडे बघत होते. पाटाच्या लाकडातून टोकाकडचा तुकडा वर आला होता, आणि त्याच्या धारेवरून ती लाट तशीच, टोकापाशी मागे वळत गेली होती.

सुभेदारांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तुम्ही खरं बोलले, त्याचे काय पैसे घ्यायचे. केशवरावांना ओरडावंसं वाटलं. या म्हाताऱ्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं की अरे, तो अफसर वेडा नव्हता. पण ते सांगायचं म्हणजे आपण आठ दिवसांपूर्वी धडधडीत खोटं बोललो हे सांगायचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी काखोटीला मारून त्यांनी बस पकडली.

बसमधून उतरून ते तडक इतवारीत गेले. नत्थूजीच्या दुकानात लाल गोंड्याची ती तलवार अजून टांगलेली होती. खिशात तीनशे रुपये होते. पण समोरचा भांडीवाला त्यांना ओळखून हसला आणि आतून कुणीतरी म्हणालं, ट्रकवाले साहेब आले. दुकानाच्या तीन पायऱ्या चढणं त्यांना जमलं नाही. थोडा वेळ नाल्याच्या कडेला उभे राहून ते घरी गेले.

दसऱ्याला सकाळी यमुताईने पाट मांडला. बोरू, दौत, अडकित्ता, आणि जुन्या विळीच्या जागी ही नवी. तिला काही ठाऊक नव्हतं, नवी वस्तू म्हणून तिने मांडली. दहाच्या सुमाराला रायपूरची मंडळी आली. चहापाणी झालं आणि गिरिधरराव उठून देवघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी पाटावरून नजर फिरवली आणि विचारलं, तलवार कुठे आहे? चारुलता दाराला टेकून बापाकडे बघत होती.

केशवरावांनी विळीकडे बोट केलं. "ही," ते म्हणाले. "हे जपानी पोलाद आहे. असं पातं तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. फार चांगलं आहे."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस मनापासून चांगलं बोलला होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते खरं वाटलं नाही. जावयाला हसू आवरेना. गिरिधररावांचा चेहरा मात्र दगडासारखा झाला.

"लग्नात आमच्या कट्यारीला पत्रा म्हणालात, मी ऐकून घेतलं," ते म्हणाले. "आता रायपूरहून बोलावून भाजीची विळी दाखवता. पोतनीस, आम्ही तुमच्या दारात थट्टा करून घ्यायला आलो नव्हतो."

केशवराव पुढे झाले, विळी उचलली, लाट दाखवू लागले, पाणी कसं देतात ते सांगू लागले. जितकं सांगत होते तितकी ती थट्टा वाढत होती. इतक्या वर्षांची सवय, त्यांचा चेहराही तसाच वाकडा दिसत होता. पाहुणे जेवायला बसले, पण श्रीखंड तसंच राहिलं. संध्याकाळच्या गाडीने निघताना गिरिधररावांनी सोन्याची पानं त्यांच्या हातात दिली ती दुसरीकडे बघत. चारुलता पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, बाबा, आजच्या दिवस तरी चांगलं बोलायचं होतं. केशवराव म्हणाले, चांगलंच बोललो गं. तिने डोळे पुसले आणि टांग्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी यमुताईने त्या विळीवर लाल भोपळा धरला. या भोपळ्याला तिला नेहमी गुडघ्याचा जोर लावावा लागायचा. या वेळी तिने धरला आणि त्याचे दोन तुकडे होऊन पडले, तिला कळलंसुद्धा नाही. ती गोष्ट शेजारी गेली. मग कुणाच्या मुंजीला, कुणाच्या डोहाळजेवणाला लोक ती विळी मागून नेऊ लागले. तिला कधी धार लावायची गरज पडली नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत महालात ती सगळ्यांना ठाऊक झाली. जशा तिथल्या तलवारी नावाने ओळखतात तशी ती ओळखली जाऊ लागली, पोतनिसांची विळी. दसऱ्याला आता लोक आपण होऊन देवघरात जाऊन ती बघायचे, बायका तर हमखास.

केशवराव पेन्शनीत निघाले होते. ओट्यावर बसलेले असायचे. विळी परत करायला आलेली एखादी कुसुमताई म्हणायची, काका, काय विळी आहे हो, अशी उभ्या नागपुरात नसेल. ते तिच्या हातून विळी घ्यायचे, उजेडात धरायचे, त्या पांढऱ्या लाटेवरून अंगठा फिरवायचे. त्यांचे ओठ हलायचे. बाईला वाटायचं, आता काही बोलतील.

"खवणी नाही हिला," केशवराव म्हणायचे, आणि विळी आत ठेवायला उठायचे.